बोडीवरचा दगड

गभणे सर शास्त्रज्ञांची नावं कधी घेत नसत. इंग्रजांच्या व्हिक्टोरिया राणीच्या आगेमागच्या काळात ज्या माणसांनी वीज, दगड, किडे यांच्या मागं जन्म घालवला, त्यांच्यावर सरांचा भारी जीव. पण सांगताना अशी सांगत, जणू ही सगळी मंडळी आमच्या करडी गावाच्या पलीकडच्या मोहल्ल्यात राहतात आणि तुमसरच्या बाजारात सरांना आठवड्यातून एकदा भेटतात. पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला असताना तीच पुस्तकं वाचून विजेचा मोठा शोध लावणारा तो ‘बांधणीवाला’. उत्क्रांतीच्या पुस्तकानं साऱ्या जगाशी भांडण ओढवून घेऊन म्हातारपणी घरामागची गांडुळं मोजत बसला तो ‘गांडुळवाला’. आणि समुद्राकाठच्या कड्यांतून जुन्या प्राण्यांची हाडं उकरणारी ती ‘हाडकंवाली बाई’. परीक्षेत खरी नावं लिहायची वेळ आली की अर्धा वर्ग पेन चावत बसे.

हाडकंवालीचं सांगताना सर मुलींच्या बाकांकडे वळत. “हाडकं तिनं काढली, नाव सायबाचं लागलं. ध्यानात ठेवजा वं पोरीहो.” एवढं बोलून चष्मा पुसत. त्या काळी आमच्या शाळेत मुलींशी असं बोलणारे ते एकटेच होते. मी आठवीत होते आणि मला ते देवासारखे वाटत.

एकदा त्यांनी भजनी मंडळाची पेटी वर्गात आणली. मातीच्या कुंडीत दोन गांडुळं होती. सरांनी कुंडीजवळ बसून अख्खा अभंग वाजवला, तोही बेसूर. गांडुळं हलली नाहीत. मग त्यांनी कुंडी उचलून थेट पेटीवर ठेवली आणि एकच सूर दाबला. दोन्ही गांडुळं झटकन मातीत शिरली. गांडुळवाल्यानं आपल्या घरच्या पियानोवर हाच प्रयोग केला होता, असं सरांनी सांगितलं. गांडुळाला कान नसतात, पण थरथर कळते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं ते आजन्म. मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते ते परत गेले.

त्या दिवशी फळ्यावर काही न लिहिता त्यांनी आमच्याकडून एक वाक्य तीनदा म्हणवून घेतलं: “डोळ्यानं पाह्यलं तेच लिहाचं. मास्तर म्हन्ते म्हून लिहाचं नाही.” पुढं वर्षभर कोणी पुस्तकातलं उत्तर घोकून सांगितलं की सर विचारत, “तू पाह्यलं का?” पाहिलं नसेल तर खाली बस.

त्याच माघात त्यांनी शाळेमागच्या बोडीच्या काठावर दगड मांडला. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, धानाच्या शेतांना पाणी देणारा. गांडुळवाल्याच्या बागेतही असा एक दगड होता. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, म्हणून वर पडलेली जड वस्तू वर्षानुवर्षं हळूहळू खाली जाते. किती जाते, ते मोजायचं. सरांनी कोणाच्या तरी घरचं मोडकं जातं आणलं आणि त्याचा भोक असलेला वरचा दगड जमिनीवर ठेवला. वरठीच्या पोलाद कारखान्यात जाणाऱ्या शेजाऱ्याकडून सळई मागवून ती भोकातून खालच्या कडक मुरमापर्यंत ठोकली. दगड हलेल, सळई हलणार नाही. सळईच्या टोकापासून दगडापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. हे काम त्यांनी मला दिलं. का मला, हे विचारलं तर म्हणाले, “तुही नजर चांगली हाये.” ते वाक्य मी घरी आईला, आजीला आणि गोठ्यातल्या गाईलाही सांगितलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की मी बोडीवर जात असे. फाल्गुन, चैत्र, वैशाख, दगड दर खेपेला पट्टीवरची मिलिमीटरची एक रेघ, कधी दोन रेघा खाली. सर खूश. उन्हाळ्यात गांडुळं खोल जाऊन निपचित पडून असतात, मग हे काम कोण करतंय, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. भंडाऱ्याला विज्ञान प्रदर्शन लागणार होतं. चित्रकलेच्या सरांनी भला मोठा तक्ता रंगवला, त्यावर लाल रेघ सरळ खाली उतरत गेलेली. पाऊस लागून तीन आठवडे झाले होते आणि प्रदर्शनाआधीचं एकच माप उरलं होतं. तक्त्यावर त्याचाही ठिपका आधीच काढून ठेवलेला होता.

त्या शनिवारी मी मोजलं तर दगड चार रेघा वर आला होता. मी तीनदा मोजलं. पट्टी पुसून पुन्हा मोजलं. मग जे दिसलं ते लिहिलं आणि वही सरांना दिली. त्यांनी वही ठेवून घेतली. सोमवारी सगळ्या वर्गासमोर विचारलं, “दगड वर कसा येईन वं? गांडुळं का खांद्यावर घेऊन राहिली त्याले?” वर्ग हसला. पट्टी तिरपी धरली असशील, असं म्हणून त्यांनी खोडरबर पुढं केलं. आणखी दोन रेघा खाली, असं लिहायला सांगितलं. मी खोडलं आणि लिहिलं.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगितलं. बाबा शेतकरी, चौथी शिकलेले. ते म्हणाले, “थे कन्हार माती हाये. पान्यात फुगतेच. आपल्या कोठ्याचा उंबरठा नाही का वर येत दरसाल?” कन्हार म्हणजे काळी चिकण माती, उन्हात तडकणारी आणि पावसात फुगणारी. गावातल्या लहान पोरालाही हे ठाऊक होतं. मी उलट त्यांच्यावरच उखडले. हे विज्ञान आहे, तुम्हाला त्यातलं काय कळतं, असं म्हणाले. बाबा हात धुवायला उठले.

भंडाऱ्यात आमच्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, मापं तूच घेतलीस का? मी सरांकडे पाहिलं. सर मान डोलावत होते. मी हो म्हणाले.

दहावीला मला गणित-विज्ञानात शाळेत सगळ्यांत जास्त गुण होते. पुढं काय, हे विचारायला बाबा सरांकडे गेले, कारण गावात असं सरांनाच विचारत. सर म्हणाले, “हुशार हाये पोरगी. पन मापाची नजर कच्ची हाये तिची. सायन्सले नोको टाकू.” बाबांनी मला कला शाखेत घातलं. मी रडले नाही, कारण मलाही ते पटलं होतं. दगड वर आलेला मीच पाहिला होता ना. आज मी तुमसरला मराठी शिकवते, बरं शिकवते. पण शिवायला कपडा टाकताना टेपावरचा आकडा अजूनही दुसऱ्याला वाचायला लावते.

मागच्या वर्षी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी गांडुळवाल्यावर लेख हवा होता. मोबाइलवर त्यांची माहिती वाचत गेले आणि एका जागी थांबले. त्यांच्या बागेतल्या त्या दगडाची मापं त्यांच्या मुलानं पुढं बारकाईनं घेतली होती. त्यानं लिहून ठेवलं होतं की ओल्या दिवसांत जमीन फुगून दगड वर येतो आणि कोरड्या दिवसांत खाली जातो. हे वर-खाली आधी वजा करावं लागतं, तेव्हा कुठे गांडुळांचं काम दिसतं. मी ते चारदा वाचलं. स्टाफरूममध्ये बायका डबे उघडत होत्या आणि मी माझा डबा तसाच पिशवीत परत ठेवला.

रविवारी करडीला गेले. सर घरापुढच्या छपरीत बसून लाखोरीची डाळ निवडत होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, चष्मा जाड झालेला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते चकित होतील. त्यांनाही माहीत नसेल, अशी मी वाटभर स्वतःची समजूत घातली होती. ते उठले, आतून एक जुनी वही घेऊन आले आणि एक पान उघडून माझ्या हातात दिलं. त्याच शनिवारची तारीख होती. माझ्या मागून ते स्वतः बोडीवर गेले होते. त्यांच्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं: चार रेघा वर. पोरीचं बरोबर.

“मंग माही नजर कच्ची हाये म्हून बाबाले कायले सांगतलं, सर?”

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाले, “तू सायन्सले गेली असती त एक ना एक दिवस तुले हे समजलंच असतं. मंग तू माह्याकडं कोन्या डोळ्यानं पाह्यलं असतं? मी तुले भेलो, पोरी.”

मी उठले. चाय घेऊन जाय, असं ते मागून म्हणाले. मी घेतला नाही. वहीही तिथंच ठेवून आले. रस्ताभर मला बाबा आठवत होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली आणि कन्हारीचं त्यांचं बरोबर होतं, हे मला त्यांना आता सांगता येत नाही. त्या परीक्षकांपुढं हो म्हणणारी मीच होते, हेही मी विसरत नाही. पण मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि सर मोठे होते.

सर यंदा पोळ्याच्या आधी गेले. त्यांच्यासारखं शिकवणारं मी पुन्हा कोणी पाहिलं नाही, हे खरं आहे. पेटीवरची कुंडी मी माझ्या वर्गात आजही सांगते. माझ्या हातून त्यांनी जे काढून घेतलं ते परत येणार नाही, हेही तितकंच खरं आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही.

तेरवीला गेले तेव्हा येताना बोडीवर थांबले. दगड अजून आहे, सळई गंजली आहे. पर्समध्ये पट्टी होती. आकडा मी स्वतः वाचला, दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही.

त्यांचा मुलगा स्मरणिका काढतो आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून त्यानं माझ्याकडे सरांबद्दल दोन चांगल्या ओळी मागितल्या. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच इथं लिहिलं आहे, सरांनीच तसं शिकवलं होतं. छापायचं नसेल तर छापू नये. पण यातलं काही खोडायला मात्र मला सांगू नये.