व्हरांड्यातला बोर्ड

माझं शिलाईचं दुकान कॉम्प्लेक्सच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली. मोबाईलवाला, चपलावाला, झेरॉक्सवाला सगळे रस्त्याकडे तोंड करून बसलेले, आणि माझ्या दारासमोर धानाची बांधी आणि एखादी चुकार बकरी. बाई तिथवर येणार कशी? घरी ठरलं की एवढा मंडईचा हंगाम बघायचा, नाहीतर मशीन उचलून घरी आणायची. मशीन घरी गेली की मी चुलीपुढे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. लेकी माहेरी येतात, आणि नव्या साडीवर जुनं ब्लाऊज कोणी घालत नाही. वर्षाचा धंदा त्या दिवसांतच. त्यासाठी रस्त्याकडच्या भिंतीवर माझा एक बोर्ड हवा होता. पण एका दुकानाला एकच बोर्ड, तोही आपल्याच शटरवर. जास्तीच्या बोर्डाला नगरपंचायतीची परवानगी लागते.

शहाण्या बाईनं आधी अर्ज केला असता. मी आधी बोर्ड रंगवून घेतला. आमच्याकडे चांगला हात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याचा, आणि मंडई सुरू झाली की तो देवाला सापडत नाही. त्यानं दसऱ्यालाच काम करून दिलं. सहा फूट लांब बोर्ड, दोन्हीकडे राजवाड्याचे खांब, वर लाल झालर, मधोमध कारंजं, आणि कारंज्याखाली 'ब्लाऊज शिवून मिळतील'. शेजारी हा एवढा मोठा बाण. कारंजं काऊन, असं विचारलं तर म्हणाला, मोकळी जागा दिसली की हात थांबत नाही.

नगरपंचायतीत परवानगीचं काम बघणाऱ्या बाबूंच्या कपाळावर कायमची आठी. अर्जाला मापासकट बोर्डाचं चित्र जोडा म्हणाले. मी म्हटलं, चित्र कशाला, आणि ऑटोत आडवा घालून अख्खा बोर्डच नेला. बाबूंनी डोक्याला हात लावला. इंजिनिअर माप घेतील तोवर व्हरांड्यात ठेवा म्हणाले. ठेवला, तर बाण नेमका त्यांच्याच खिडकीकडे.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. घरटॅक्स, घरकुल, जन्माचा दाखला, साऱ्या रांगा त्याच व्हरांड्यात. बाया बाण बघून खिडकीशी जायच्या आणि बाबूंना विचारायच्या, बाह्या कोपरापर्यंत शिवता का. एक म्हातारी तर मापाचं ब्लाऊज त्यांच्या फाईलवर ठेवून चालती झाली. मी का शिंपी आहो, म्हणून बाबू करवादायचे आणि मग माझा पत्ता सांगायचे. कॉम्प्लेक्सच्या मागं, जिन्याखाली. हे मला गिऱ्हाइकांनीच पोट धरून हसत सांगितलं.

तरी दर सोमवारी मी तिथं जाऊन भांडायची. हसू वेगळं आणि परवानगी वेगळी. इंजिनिअर आले का, सही झाली का? मान वर न करता ते म्हणायचे, होते, होते. मी त्यांना कुंभकर्ण म्हटलं. एकदा तर म्हटलं की माझं दुकान बंद पाडल्याशिवाय तुमाले झोप येणार नाई. त्यांनी पुढची फाईल ओढली.

शेवटची मंडई उरकली आणि त्यांचा निरोप आला, कागद घेऊन जा. कागदावरची तारीख पाहिली तर दिवाळीच्या आधीची. माझं टाळकंच सरकलं. इतके दिवस कागद दाबून काऊन ठेवला, म्हणून मी खिडकीवर हात आपटला.

बाबूंनी पहिल्यांदा मान वर केली.

"बाई, तुमच्या भिंतीपाशी कोन थांबते? इथी सारा तालुका दोन-दोन तास उभा राह्यते. मंडई होऊन जाऊ दे म्हटलं."

त्या माणसाला काय काय बोलले होते ते सारं आठवलं आणि लाजेनं कान तापले. बोर्ड ऑटोत घालताना त्याचं एक टोक बाबूंनीच धरलं, कारंज्याकडे बघत, तशाच आठीनं.

मशीन अजून जिन्याखालीच आहे. बोर्ड रस्त्याकडच्या भिंतीवर रीतसर लागला, कारंज्यासकट. नवी बाई आली की मी मुद्दाम विचारते, बोर्ड पाहून आल्या का? कोणता बोर्ड, म्हणतात. खिडकीतल्या भाऊनं सांगितलं.