देवजीच्या पायाची बोटं

सारसोळ्याच्या खाडीत देवजी चाळीस वर्षं अनवाणीच उतरला. ओहोटीला चिखलात पाय टाकला की त्याची बोटं आपोआप पसरायची आणि तळाशी काय आहे ते त्याला लगेच कळायचं. हे तिवराचं टोकदार मूळ, हा दगड, हा खुबा. खुबा लागला, की तो शिंपला अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरून तो पाय वर उचलायचा आणि टोपलीत टाकायचा. कमरेत वाकायचं काम नाही. जेट्टीवरच्या बायका म्हणायच्या, "याला देवानं हात उगाच दिलंन."

त्याचे पाय पुढे इतके रुंद झाले होते, की दुकानातला जोडा कधी बसलाच नाही. मुलाच्या, केतनच्या लग्नात बायकोने, सरस्वतीने, हौसेने नवे बूट आणले. ते त्याने मांडवाच्या दारापर्यंत घातले आणि पुढचा सगळा वेळ काखेत घेऊन हिंडला.

सरस्वतीला त्या पायांचं कधी काही वाटलं नव्हतं. तो काढील ते खुबे, चिंबोऱ्या ती नेरूळच्या बाजारात नेऊन विकायची. चिखल हा त्याचा प्रांत, बाजार तिचा. मग तिच्या धाकट्या भावाचं झालं. भगवान नावड्याला राहायचा. तिकडच्या नदीच्या चिखलात त्याच्या तळव्यात बाटलीची काच घुसली. त्याला साखर होती. जखम चिघळली आणि दीड महिन्याने डॉक्टरांनी घोट्याच्या वरून पाय काढला. सरस्वती त्याला बघून आली ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पावण्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या भाच्याकडून तिने काळे रबरी गमबूट मागवले, गुडघ्यापर्यंत येणारे.

देवजी हसला. "ह्यात मना तल कसा कलंल?"

"नाय कलला तरी चालंल. पाय जागेवर र्‍हातील."

"भगवानला साखर हाय. मना कुटं हाय?"

तो ऐकत नाही म्हटल्यावर तिने शेवटचा उपाय केला. देवासमोर उभं करून त्याला केतनची शपथ घातली. बुटाशिवाय चिखलात पाय ठेवायचा नाही. घरात अशी शपथ कोणी सहज घालत नसे. एकदा घातली की जिने घातली तिनेच 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नाही, आणि मोडली तर ज्याची घातली त्याच्यावर येते, असं दोघंही लहानपणापासून मानत आले होते. देवजीने बूट उचलून दाराशी ठेवले. दुसऱ्या दिवशी तो बूट घालून निघाला तेव्हा केतन ओट्यावरून म्हणाला, "बाबा, बंबवाला झालास का? आग कुटं लागली?"

तीन वर्षं ते बूट चालले. खुबे कमी मिळू लागले. सरस्वतीने ते पाहिलं, पण खाडीच आता पूर्वीसारखी राहिली नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि स्वतःलाही. देवजी घरी फरशीवर चालतानाही पाय आपटत चालू लागला होता. तेही तिने पाहिलं. वय झालं, असं म्हणून सोडून दिलं.

मग एका अमावस्येला, उधाणाच्या दिवसांत, तो चिंबोऱ्यांसाठी नेहमीपेक्षा आत गेला आणि दोन्ही पाय रुतले. बुटात पाणी आणि चिखल भरला. पूर्वी त्याने बोटं आवळून, टाच सोडवून पाय अलगद काढला असता. आता बोटं आत नुसती पडून राहिली. भरतीचं पाणी चढायला लागलं.

पुढचं सरस्वतीला विलासने सांगितलं. विलास होडी घेऊन परतत होता.

"मी बोललू, बुटातून पाय काढ ना. तर बोलतो, नाय, पोराची शपथ हाय. आरं, पानी छातीला लागलंय तुझ्या. तर बोलतो, आजून गल्याला नाय लागलं."

शेवटी विलासने फळी टाकली, त्याला काखेत धरून ओढलं. बूट खाली राहिले, माणूस वर आला. उजवा पाय घोट्यात पिरगळला होता. जेट्टीवर आणून टाकल्यावर देवजीने पहिलं काय केलं, तर विलासचा फोन मागितला आणि केतनला बेलापूरच्या ऑफिसात लावला. "बरा हायस ना? काय झाला नाय ना तुला?" केतनला काही कळेना. तो बरा आहे असं दोनदा ऐकल्यावर देवजीने डोळे मिटले.

सरस्वती धावत आली ती त्याच्या छातीवर हात ठेवून "सुटली, सुटली" म्हणत राहिली. ऐकायला तो शुद्धीवर होता की नाही, तिला आजही ठाऊक नाही.

सूज उतरायला दोन महिने लागले. सूज उतरली तेव्हा दिसलं, की उजव्या तळव्याची कमान बसली आहे. एका पायावर त्याला क्षणभरही उभं राहता येईना. केतनने त्याला नेरूळमधल्या प्राची नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं, सरस्वतीही बरोबर होती. पंचविशीतली मुलगी, भराभर बोलणारी.

"काका, टेन्शन नका घेऊ. तळव्यात छोटे छोटे स्नायू असतात, त्यांना काम द्यायचं. हा टॉवेल पसरला. आता फक्त बोटांनी जवळ ओढा. नाही, गुडघा नाही हलवायचा. फक्त बोटं."

टॉवेल हलला नाही. देवजी आपल्या पायाकडे असा बघत राहिला, जणू कोणी ओळखीचा माणूस समोरून न बोलता निघून गेला.

"आधी अनवाणी असायचात ना? पाय बघून कळतं. मग बूट कधीपासून?"

देवजी म्हणाला, "झाली तीनेक वर्सा. काच लय झाली खाडीत."

एवढंच. कोणी घालायला लावले ते त्याने सांगितलं नाही. सरस्वती भिंतीवरच्या चित्रातली हाडं मोजत बसली. प्राची सहज म्हणाली, "बूट वाईट नसतात हो काकू. पण बोटांना इतकी वर्षं कामच मिळालं नाही, मग ती विसरतात."

रोज सकाळी मग व्यायाम. बोटं न वाकवता तळवा आत आखडून घ्यायचा, दहा मोजायचे. बोटं पसरायची. अंगठा एकटा उचलायचा. टॉवेल ओढायचा. सरस्वतीने बाजार दोन तास उशिरा सुरू केला. ती समोर फरशीवर बसून मोजायची. तिला वाटायचं, एकदा तरी यानं म्हणावं, तुझ्यामुळं झालं. भांडावं, ताट सरकवावं. तो म्हणायचा, "आठ झालं का नव? नीट मोज."

सहाव्या आठवड्यात टॉवेल हलला. चौथ्या महिन्यात तो गोट्या उचलून वाटीत टाकू लागला. प्राचीने त्याला एका पायावर उभं केलं, घड्याळ लावलं आणि तीस सेकंदांनी म्हणाली, "काका, आता तुम्ही मला शिकवा."

त्याच आठवड्यात सकाळची मोठी ओहोटी होती. सरस्वती आपणहून म्हणाली, "चला, उतरायचा का? मी येते संगती."

जेट्टीच्या पायऱ्या तो काही न धरता उतरला, अनवाणी. शेवटच्या पायरीवर थांबला. खाली चिखल चकाकत होता. बोटं पायरीची कड घट्ट धरून होती, वरच्या पायरीवर बसलेल्या सरस्वतीला ती स्पष्ट दिसली. सगळी, करंगळीसुद्धा. बराच वेळ तो खाली बघत उभा राहिला. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि वर यायला लागला.

"का वं? दुखतंय?"

"नाय. ताकद हाय."

"मंग?"

तो तिच्या शेजारी येऊन बसला. "चिखलात मान्साचा सगला ध्यान पायात पायजे. आता मी उतरलू तर माझा ध्यान तुझ्या तोंडाकडं र्‍हाईल. तू कशी बसली हायस, बघ."

तिने पाहिलं. पदराचं टोक तिने दोन्ही मुठींत आवळून धरलं होतं. ते तिने सोडलं, हात मांडीवर ठेवले, हसून पाहिलं. "जा ना. मी पाठ फिरवून बसते."

"पाठ फिरवलीस तरी हायसच ना तू."

ते त्याने रागाने म्हटलं नव्हतं. रागाने म्हटलं असतं तर ती भांडली असती.

भरती लागेपर्यंत दोघं बसून राहिली. परतताना विलास भेटला, त्याने विचारलं, उतरला का देवजी. सरस्वती म्हणाली, आज नाय. घरापर्यंतच्या रस्त्यावर देवजी पुढे चालत होता, पाय न आपटता, टाच आणि बोटं नीट टेकत. मागून येणाऱ्या सरस्वतीला त्या पायांत काढण्यासारखी एकही चूक दिसली नाही.