कानशीने काढलेलं कडं

"सर, पावडर आमी मोजूनशान घातली. मग रोग आला कसा?"

आगरदांड्याच्या मत्स्य संशोधन केंद्राच्या ऑफिसात गुलाबताई विचारत होत्या. खाडीत दोरांवर कालवं वाढवणाऱ्या बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. त्यांची कालवं रोगाने मेली होती. डायरेक्टरांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: गटाने पावडर नीट दिली नाही, सबब खाडीतली जागा काढून घ्यावी. लॅब इन्चार्ज म्हणून सही माझी हवी होती.

मी पेन उघडलं नाही. खरं काय ते मला दोन वर्षं माहीत होतं.

कालवाला लस देऊन उपयोग नसतो. आपल्यासारख्या अँटिबॉडी त्याच्याकडे नाहीत. त्याच्या रक्तात जन्मजात काही प्रथिनं असतात, ती जंतूचं आवरण फोडतात. जंतू वाढवलेल्या प्लेटवर त्या रक्ताचा थेंब ठेवला की जंतू मरतात तिथे स्वच्छ कडं उमटतं. कडं मोठं, तर प्रथिनं जास्त. ही प्रथिनं वाढवते असं सांगून एका कंपनीने पावडर आणली, तिची ट्रायल मीच घेतली. पावडर दिलेल्या कालवांचं कडं मोठं आलं, म्हणून ती गटांना वाटली गेली.

आता चूक सांगतो. रक्त काढायला शिंपलीच्या कडेला कानशीने खाच पाडावी लागते. कंटाळवाणं काम. पावडरवाल्या कालवांना मी आदल्या संध्याकाळीच खाचा पाडून ठेवल्या, बाकीच्यांना सकाळी. जखम झाली की कालव आपणहून ही प्रथिनं वाढवतं. म्हणजे ते कडं पावडरीचं नव्हतंच, माझ्या कानशीचं होतं. लक्षात आलं तेव्हा पावडर गावात पोचली होती. मी गप्प बसलो.

हे सगळं मी गुलाबताईंसमोरच सांगितलं. डायरेक्टर म्हणाले, "हे आपण नंतर बोलू."

"नंतर नंतर करत दोन वर्षं गेली. आत्ताच बोलायचं. सही मिळणार नाही."

गुलाबताई माझ्याकडे वळल्या. "तुमाला ठाव व्हतं, नि आमी एकमेकींना बोल लावत बसलो."

मी कागद सहीशिवाय परत सरकवला.

गटाच्या बायका दारातून हलेनात, म्हणून ट्रायल पुन्हा घ्यावी लागली. सगळ्या खाचा एकाच सकाळी, गुलाबताई शेजारी उभ्या. पावडरवाल्यांची नि बाकीच्यांची कडी सारखीच आली. जागा गटाकडे राहिली, नोकरी माझ्याकडे राहिली नाही. अनुभवाचा दाखला हवा तर कंपनीची लेखी माफी मागा, असा ऑफिसातून निरोप आला. मागितली नाही, मागणारही नाही. ज्यांची मागायची होती त्यांच्या दारात जाऊन मागून आलो.

कडं एवढंच सांगतं की जंतू मेले. का मेले, ते कानस धरणाऱ्यानेच सांगायचं असतं, आणि त्याच दिवशी.