ग्लेनिसची दातखीळ

ग्लेनिसला कुत्र्यांचं भय नव्हतं. इंग्लंडमधल्या किंग्ज लिन गावच्या बाजारामागे तिचं कुत्र्यांना आंघोळ घालून त्यांचे केस कापायचं दुकान होतं. चावरा म्हणून बदनाम झालेला कुत्रासुद्धा तिच्या टेबलावर निमूट उभा राहायचा. तिच्या मानगुटीवर बसलेली भीती वेगळीच होती.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ वेस तिच्याच स्वयंपाकघरात दम्याने घुसमटला. ओठ निळे पडले. एका हाताने ग्लेनिसने त्याला धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन होता. अँब्युलन्सची बाई शांतपणे विचारत होती, "पत्ता सांगा." आणि ग्लेनिसची दातखीळ बसली. स्वतःच्या घराचा पत्ता तिच्या तोंडून फुटेना. नवरा नील बागेतून धावत आला, त्याने फोन हिसकावून घेऊन पत्ता सांगितला, म्हणून वेस वाचला.

त्यानंतर ती संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, सोळाव्या वर्षी शाळेबरोबर सोडलेलं गणित पुन्हा शिकली. आणि एका रविवारी जेवताना तिने सांगून टाकलं, की गावच्या कॉलेजात मोठ्या माणसांसाठी एक वर्षाचा कोर्स आहे, तो केला तर मेडिकलला अर्ज करता येतो, आणि तिने त्या कोर्सला अर्ज केलाय.

वेसने बटाट्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता वर पाहिलं. "तू डॉक्टर? मी मरत होतो तेव्हा तू खांबासारखी उभी होतीस, ग्लेन."

नील म्हणाला, "वेस, पुरे."

"अरे, चेष्टा करतोय."

ग्लेनिस हसली. चेष्टा असली तरी खोटं काय होतं त्यात? उद्या एखाद्या बाईचं मूल समोर निळं पडलं आणि आपण पुन्हा तशाच उभ्या राहिलो तर?

कोर्सच्या मुलाखतीच्या दिवशी ती कॉलेजात लवकरच पोचली. बाथरूममध्ये तिला उलटी झाली. बाहेर बाकावर विशीतली पोरं मजेत गप्पा मारत होती. तिला वाटलं, गुपचूप गाडीत बसावं आणि घरी जावं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

रसायनशास्त्राच्या मिसेस पारगेटर समोर बसल्या होत्या. "डॉक्टरच का व्हायचंय तुम्हाला?"

उत्तर पाठ होतं. आरशासमोर घोकलेलं. पण तोंड उघडलं आणि एक शब्द येईना. तेच झालं, तिच्या मनात आलं, अगदी तेच. मिसेस पारगेटरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि घाई न करता बसून राहिल्या.

पाणी प्यायल्यावर पाठ केलेलं काही आठवलंच नाही, म्हणून ग्लेनिसने वेसची गोष्ट सांगितली. अडखळत, पण सगळी.

"उद्या पुन्हा तसंच झालं तर?" त्यांनी विचारलं.

"तीच भीती वाटते मला. प्रथमोपचार शिकले, पण रबरी पुतळ्यांवर. खऱ्या माणसासमोर काय करेन, माहीत नाही."

मिसेस पारगेटरांनी तिच्या अर्जावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "हा कोर्स पुरा करूनही मेडिकलला जागा न मिळालेले माझे कितीतरी विद्यार्थी आहेत. हुशार होते. त्याचीही तयारी आहे?"

"तयारी नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण अर्ज मागे घेणार नाही."

कॉलेजचा फोन आला तेव्हा ती स्पॅनियल जातीच्या एका कुत्र्याला साबण लावत होती. कोर्सला जागा मिळाली होती. कुत्रा पुसून झाल्यावर तिने वेसला फोन लावला.

"म्हणजे तू शिकेपर्यंत मी आजारी पडायचं नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अगं, त्या दिवशी तू माझा हात सोडला नव्हतास. मला तेवढंच आठवतं. तू मात्र उगाच दुसरंच धरून बसलीयस."

ग्लेनिसने फोन ठेवला आणि कुत्र्याचा ओला टॉवेल वाळत घातला.

सप्टेंबरात ती वर्गात जाऊ लागली. पहिल्याच परीक्षेत रसायनशास्त्रात ती वर्गात शेवटून पहिली आली. घरी येऊन नीलच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सकाळी पुन्हा कॉलेजात गेली. मेडिकलचं काय होईल ते अजून ठरायचंय. भीती काही गेलेली नाही. ती रोज ग्लेनिसबरोबर वर्गात येते.