हनुवटीची वंशावळ

आमच्या घराण्यातल्या एकाही बाईच्या चेहऱ्यावर आजवर केस उगवलेला नाही. ही गोष्ट आमच्याकडे तंजावरच्या मराठी राज्याइतकी पक्की समजतात. राज्य केव्हाच गेलं, हा भाग वेगळा.

पुरावा म्हणून भिंतीवरचे रंगवलेले फोटो दाखवले जातात. पुरुषांच्या मिशा काळ्याभोर, बायकांचे गाल इडलीसारखे गुळगुळीत. दोन्ही कामं स्टुडिओतल्या एकाच कुंचल्याची असावीत, असा माझा लहानपणापासूनचा संशय.

चाळिशीत माझ्या हनुवटीवर राठ केस यायला लागले. आईनं कस्तुरी हळद लावायला दिली. महिनाभर मी केसाळ होतेच, शिवाय पिवळीही झाले. शेवटी डॉक्टरांकडे गेले. मी नको म्हणत असताना आई बरोबर आली.

दवाखान्यात सनदा इतक्या टांगलेल्या, की मी आधी त्यांच्यावरच्या तारखा वाचल्या. डॉक्टर तरुण बाई, तमिळ बोलणाऱ्या. पाळी नियमित आहे का, आवाज बदलला का, टाळूवरचे केस विरळ झाले का, सगळं विचारलं. मग ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ असं बघत प्रत्येक जागेला केसांच्या दाटीप्रमाणे शून्य ते चार गुण दिले. मी कॉलेजात पेपर तपासते. जास्त गुणांचं दुःख पहिल्यांदाच झालं.

"घरात आणखी कुणाला? आई, आत्या?"

"कुणालाच नाही," आईनं तमिळमध्ये ठणकावलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग नीट शोधावं लागेल. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असते. रक्त तपासू, स्कॅनही करू."

गाठ म्हटल्यावर मी आईकडे पाहिलं. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

इथे तंजावरात परक्यांसमोर घरातलं बोलायचं, तर आम्ही मराठीत बोलतो. तेवढी कडी-कुलपाची सोय आमच्याकडे उरली आहे.

"आई, दर मंगळवारी न्हाणीघराचं दार लावून अर्धा तास काय करतेस?"

"हळद लावते."

"चिमट्यानं?"

"हळू बोल गे! तुझ्या आत्याला तर मिशीच होती. दवंडी पिटू काय? तुझ्या भाचीला स्थळ आलंय, त्यांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"आणि मला गाठ निघाली म्हणजे?"

मी डॉक्टरांना तमिळमध्ये खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, मराठीत, आमच्याच हेलात: "आत्याला कितव्या वर्षी आली, अम्मा?"

त्यांचं आजोळ आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर निघालं.

आई सनदांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अडतीस." आणि कुणी न विचारता, "मला एकोणचाळीस."

डॉक्टरांनी आधीचं "नाही" खोडलं.

रक्ताचे आकडे नीट आले. केस हळूहळू आलेले, घराण्यातले. स्कॅनची गरज उरली नाही. गोळ्या मिळाल्या. फरक दिसायला सहा महिने लागतील, असं सांगितलं. रोज बघून बघून मी त्याआधीच आरशावर विश्वास ठेवायचं सोडलं. पुढे लेझरही सुरू झालं.

ते बघून आईनंही एक दिवस डॉक्टरांना स्वतःसाठी विचारलं. लेझर काळ्या केसांवरच चालतं. आईचे पांढरे आहेत. मंगळवारी न्हाणीघराचं दार अजून बंद असतं.