चैतूभाऊंना न सांगितलेला शब्द

एटापल्लीकडून आलेल्या जंगल-गार्डानं सायकल भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "बाबू, चैतू गेला. वादळात घर आंगावर आलं." मी डबा खात होतो. घास तसाच हातात राहिला... त्याला आता महिना उलटून गेला. गार्डाला वाटलं, मला फार दुःख झालंय. दुःख झालंच, पण त्याच्याही आधी भीती वाटली, आता कोणी अर्जाचं विचारेल याची.

चैतूभाऊ जंगलातल्या गावचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे. घराचे खांब वाळवीनं पोखरले, म्हणून त्यांना चार झाडं तोडायची परवानगी हवी होती. मी जंगलखात्याच्या कचेरीत कारकून, अर्ज मीच लिहून दिला. महिन्याच्या आत साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'रिजेक्टेड'. स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या कचेरीतले शेरे इंग्रजीतच. साहेबांचा हा भारी लाडका शब्द. डेपोतल्या पोकळ लाकडावर तोच, माझ्या रजेच्या अर्जावर तोच, एकदा तर खानसाम्यानं केलेल्या आमटीलाही तोच. म्हणताना त्यांचा चेहराही हलायचा नाही. मी वाढलो ते घर निराळं. आमच्याकडे दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे पाप. "बघू", "सवडीनं कळवतो", एवढ्यावरच नकार उरकायचा आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. चैतूभाऊंना ही रीत ठाऊक नव्हती. ते कचेरीच्या ओसरीतल्या बाकावर बसायचे आणि सरळ विचारायचे.

"बाबू, हो का नाई, तेवढं सांग."

"साहेब पाहून राह्यले, भाऊ."

"मंग थांबतो."

आणि ते खरंच थांबले... दोन वर्षं. दर खेपेला दोन दिवसांची पायपीट करून यायचे, कधी माझ्यासाठी द्रोणभर चारोळी आणायचे, आणि मी तेच तेच सांगून त्यांना परत पाठवायचो. धानोऱ्याकडचा त्यांचा साळा राहायला घर द्यायला तयार होता. पण मध्येच गाव सोडलं तर परवानगी बुडेल, म्हणून ते त्याच पोखरलेल्या खांबांखाली राहिले. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, याच बाकावर बसून. तरी माझी जीभ रेटली नाही. मी मोठा भला माणूस ना.

गेल्या आठवड्यात त्यांची बायको सोमारीबाई आली. भावाकडे कायमची निघाली होती, त्याआधी तिला अर्जाचं काय झालं ते हवं होतं. बाकावर बस म्हटलं तर बसली नाही, उभीच राहिली. मी कागद काढला आणि वाचून दाखवला. "रिजेक्टेड. म्हणजे नाही."

"कवा लिवलं?"

"अर्ज दिला त्याच महिन्यात."

तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"येवढंच होतं? मंग त्यायले काऊन नाई सांगितलं, बाबू?"

मी म्हणालो, "त्यांना वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ती म्हणाली. "अन् दुसऱ्या दिवशी आमी माह्या भावाकडं निंगालो असतो."