स्टेनव्हरबाईंच्या खणातला शिक्का

स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराच्या चढावर स्टेनव्हरबाईंचं लोकरीचं दुकान. वर रंगीत लोकरीचे गुंडे, खाली कुलपाच्या खणात आइसलँड सरकारचा शिक्का. तेवीस वर्षं बाई आपल्या देशाच्या मानद कॉन्सल. पगार दमडीचा नाही, पण मान मोठा, आणि तो त्या झोकात मिरवायच्याही. पासपोर्ट हरवून रडत आलेल्याला आधी कॉफी, मग कागद, असा त्यांचा शिरस्ता.

त्या सप्टेंबरच्या सकाळी कॉफी तशीच निवली. समोर हाफ्लिदी उभा होता. मासेमारी बोटीवर यंत्र सांभाळणारा, चाळिशीचा गडी. बसथांब्यावर त्याची पिशवी चोरीला गेली होती, पासपोर्टसकट. आणि पहाटे गावच्या शेजाऱ्याचा निरोप आला होता: वडील आजचा दिवस काढतील, उद्याचं सांगवत नाही. विमान दीड वाजता. दहा वाजून गेले होते.

बाईंनी रेकयाविकला परराष्ट्र खात्यात फोन लावला.

"नोंदीतला फोटो नऊ वर्षांपूर्वीचा आहे, त्यावर भागणार नाही," अधिकारी म्हणाला. "घरचं कुणी ओळख पटवेल, तरच तात्पुरता पासपोर्ट द्या."

"तू कुणाचा रे?" बाईंनी वळून विचारलं.

"आईचा. ती गेली."

"आणि बाप?"

"एविंदुर. पण त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नाही. त्याचा संसार होता, बाई. मी बाहेरचा."

"गावातलं दुसरं कुणी?"

"गाव डोंगरात गेलंय, मेंढ्या उतरवायला. शेजारीसुद्धा. एकाचा फोन लागत नाही."

"मग म्हाताऱ्यापाशी कोण आहे?"

हाफ्लिदीने मान खाली घातली. "त्याची बायको. सोलवेग. तिला नका विचारू."

"विमान काय माझ्या सासऱ्याचं आहे, थांबायला?" म्हणत बाईंनी आकडे फिरवलेसुद्धा.

सोलवेगने फोन उचलला. बाईंनी सगळं सांगितलं. बाईंनी शिक्क्याची मूठ घट्ट धरली.

"त्याला द्या फोन," सोलवेग म्हणाली.

बाईंनी फोनचा आवाज मोठा करून तो हाफ्लिदीपुढे धरला.

"गेल्या महिन्यात फाटकापाशी गाडी थांबवून कोण उभं होतं?" सोलवेगने विचारलं.

"मीच," हाफ्लिदी म्हणाला.

"कसली गाडी?"

"निळी. एक दिवा फुटलेला."

"आत का नाही आलास?"

"कुत्रं भुंकत होतं."

"तीस वर्षं कुत्रंच भुंकतंय का, रे?" पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "पहाटेपासून त्याची नजर दारावर आहे. मेंढ्यांची वाट बघतोय म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते. बाई, लिहा. एविंदुरचाच मुलगा आहे तो. मी ओळखते."

अधिकाऱ्याने तिच्याशी बोलून होकार दिला, तेव्हा साडेअकरा झाले होते. फोटो, सही, शिक्का. बाईंनी भर दुपारी दुकानाला कुलूप ठोकलं आणि स्वतःच गाडी विमानतळाकडे हाणली.

दुसऱ्या दिवशी सोलवेगचाच फोन आला. "दिवेलागणीला पोचला. म्हातारा बोलू शकला नाही, पण त्याचा हात सोडेना. पहाटे गेला."

"आणि मुलगा?"

"स्वयंपाकघरात आहे. डोंगरावरून वीस माणसं उतरतायत, त्यांचा रस्सा ढवळतोय," सोलवेग म्हणाली. "मीठ फार घालतो मेला."